१९९१ची मियाता, नवा एसी आणि जळगावचा उन्हाळा: वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, पारा ४४-४५वर असताना माझी मझदा एमएक्स-५ छत लावून जळगावहून धुळ्याला आरामात जाते. हायवेला लागलं की डॅशबोर्डवरच्या, एसीची हवा येते त्या मधल्या जाळीत खोचलेला थर्मामीटर ९-१० अंश दाखवतो. अजिंठा चौफुलीला अडकलो की तोच १६-१७वर चढतो. एसीचं काम फेब्रुवारीअखेर झालं, आता दिवाळी उलटली. म्हणजे पूर्ण उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबरची ती चिकट उष्णता, सगळं बघून लिहितोय.

गाडी माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन सीटची, कापडी छताची, १६०० सीसीची, वजन हजार किलोच्या आत. १९८९ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये हे मॉडेल पहिल्यांदा लोकांसमोर आलं. प्रेमाने सगळे मियाता म्हणतात. माझी उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची आहे, मामा ब्रिटनहून परतले तेव्हा सोबत आलेली.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांसारखा तिच्या एसीतही आर-१२ गॅस होता. ओझोनचा थर विरळ करणारा हा गॅस १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभर हळूहळू बंद होत गेला आणि भारतात त्याचं उत्पादन ऑगस्ट २००८मध्ये थांबलं. त्यामुळे जुना गॅस भरून आहे तसं चालवण्याचा रस्ता संपलेला आहे. मग जो भेटतो तो त्याच्या जागी आलेल्या नव्या गॅसचं नाव घेऊन म्हणतो, ‘आर-१३४ए टाकून देतो, तासाभरात कूलिंग.’ एका दुकानात तसं करूनही मिळालं होतं आणि पहिल्या उन्हाळ्यातच कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, आतून खरडला गेला. कारण सरळ आहे. आर-१२सोबतचं मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. गॅस फिरतो, ऑइल वाटेत कुठेतरी बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो.

यावेळी काम दिलं ते सावद्याच्या एका मिस्त्रींना. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांचा मूळ धंदा कोल्ड स्टोरेज आणि केळी पिकवायच्या चेंबरचा. रावेर-सावदा पट्ट्यात चेंबरचं तापमान दोन-तीन अंश चुकलं तर ट्रकभर माल वाया जातो, त्यामुळे या लोकांना अंदाजपंचे चालतच नाही. नायट्रोजनचा सिलिंडर, दोन टप्प्यांचा व्हॅक्यूम पंप, वजनकाटा, सगळं त्यांच्याकडे असतं. गाडी बघून त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘भाऊ, नुसता गॅस भरीसन काय व्हई? गरमी कथी जाई?’

हा ‘गरमी कुठे जाईल’ प्रश्नच आपल्याकडच्या कामाचा गाभा आहे. एसी गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून कंडेन्सरमधून, म्हणजे रेडिएटरपुढच्या नळ्या-पात्यांच्या जाळीतून, बाहेर टाकतो. बाहेरची हवाच ४५ अंशांची असेल, तर कंडेन्सरमधला गॅस ६५च्या आसपास तापल्याशिवाय उष्णता बाहेर पडत नाही, आणि त्या तापमानाला आर-१३४ए चं प्रेशर सुमारे २६० पीएसआय (दाब मोजायचं एकक) होतं. गाडी बंद असतानाही ४५ अंशांत गेज दीडशेच्या वर दाखवतो. कंडेन्सर लहान पडला की काटा साडेतीनशेकडे जातो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि चौफुलीवर जाळीतून गरम वारा यायला लागतो. पुण्यात किंवा नाशकात नीट चालणारी दुरुस्ती भुसावळला येऊन का हरते, ते यात आहे.

म्हणून सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ कंडेन्सरवर घातला, आणि तेच सगळ्यात फळलं. मूळचा नागमोडी होता, एकच चपटी नळी वर-खाली फिरवलेली. त्याजागी पॅरलल फ्लो बसवला, ज्यात बारीक नळ्या शेजारी शेजारी असतात. रेडिएटरपुढच्या जागेत मावेल तेवढा मोठा मापून घेतला. त्याचे ब्रॅकेट घडवले आणि दोन्ही पंखे नवे टाकले. बाजूंच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवल्या. हे काम कोणी सांगत नाही, पण फट राहिली तर इंजिनाकडची गरम हवा फिरून पुन्हा कंडेन्सरपुढेच येते. माझ्या मते फक्त या पट्ट्यांनी सिग्नलवरचे दोन-तीन अंश कमी केले.

बाकीचं भराभर सांगतो. कॉम्प्रेसर रिबिल्ट, त्यात आर-१३४ए मध्ये मिसळणारं एस्टर ऑइल. जोडांतल्या ओ-रिंग सगळ्या एचएनबीआर रबराच्या, हिरव्या. ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) नवे. सिस्टीम उघडली की ड्रायर बदलायचाच, त्यात घासाघीस नको. रबरी पाइप बॅरियर होजचे, म्हणजे आत गॅस न झिरपू देणारा थर असलेले, करून घेतले. ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप क्रिम्प करणारा ‘हे पण करून देतो’ म्हणेल, पण एसीचा होज आणि त्याच्या टोकावर दाबायची फेरूल (धातूची टोपी) वेगळी असते. ग्लोव्ह बॉक्स काढून कूलिंग कॉइल बाहेर घेतली, तर तिच्यावर मातीचा थर आणि एका कोपऱ्यात बारीक लीकेज. तीही बदलली. गळती तपासायला रात्रभर नायट्रोजन भरून ठेवला, सकाळी गेजचा काटा जागचा हलला नव्हता, तेव्हाच व्हॅक्यूम मारला, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढली. गॅस जुन्या मापाच्या ८० ते ८५ टक्के, काट्यावर तोलून. जास्त भरला म्हणजे जास्त गार, ही समजूत डोक्यातून काढा. आपल्या उन्हात जास्तीचा गॅस प्रेशर वाढवतो आणि कूलिंग घटवतो.

आणखी एक साधी गोष्ट: हीटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या पाइपमध्ये व्हॉल्व्ह टाकून होळीनंतर तो बंद ठेवला. डॅशबोर्डमागे उकळतं पाणी फिरत असताना त्याच डब्यातून गार हवा मागण्यात अर्थ नाही. गिअरबॉक्सच्या बोगद्यावर कार्पेटखाली इन्सुलेशनही घातलं, नाहीतर डावा पाय भाजतो.

खर्च सगळा धरून साठ हजारांच्या घरात गेला. एवढ्यात बरी सेकंडहँड मोटरसायकल येते, हे मान्य. पण ही गाडी मी कपाटात ठेवायला घेतलेली नाही.

पावसाळ्यातला फायदा मी धरलाच नव्हता. कापडी छताच्या छोट्या केबिनमध्ये दोन माणसं बसली की काचा लगेच धुरकटतात. श्रावणात चाळीसगावहून कन्नड घाट चढताना ढग रस्त्यावर उतरले होते, एसी लावला आणि पुढची काच मिनिटभरात साफ झाली. त्याच चढाला एसी चालू असताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी थोडी जड वाटते, पण इंजिनाचं पाणी तापलं नाही.

खटकतं तेही लिहितो. पार्किंगमध्ये उन्हात उभी केली तर पहिली दहा मिनिटं काही खरं नाही. काळं छत आणि काचा इतक्या तापलेल्या असतात की आधी काचा उघडून थोडं चालवावंच लागतं. आयडलवर कॉम्प्रेसर लागताना इंजिन हलकंसं दचकतं. ब्लोअरचा शेवटचा टप्पा फार आवाज करतो, कारण मोटर जुनीच ठेवली आहे. पायाकडे वारा कमी पोचतो, त्यावर उपाय सापडलेला नाही.

ऑक्टोबरमध्ये नानांकडे पुन्हा गेज लावले. त्यांनी वहीत लिहून ठेवलेले मार्चचे आकडे आणि आताचे, बाहेरच्या तापमानाचा फरक धरला तर जुळतात. गॅससोबत गळती शोधायचा रंग, डाय, टाकला होता. यूव्ही टॉर्चखाली एकही जोड चमकला नाही.

आता कापसाचा हंगाम आहे. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमागे हायवेवर जे पुंजके उडतात, ते थेट कंडेन्सरच्या पात्यांत जाऊन बसतात आणि वर काळ्या मातीची धूळ थापली जाते. पंधरवड्याने बंपरच्या तोंडातून टॉर्च मारून बघतो. धुताना पाणी रेडिएटरच्या बाजूने, साध्या नळीने, हळू सोडायचं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन लागला तर पाती आडवी होतात आणि हवाच अडते. पुढे बारीक जाळी लावायचा विचार आहे, पण ती वारा किती अडवते ते मार्चच्या आत बघायचंय. ब्लोअरची मोटर तेव्हाच बदलेन.