थिनरने पुसलेली गाडी चार दिवस नवी दिसते

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात घरोघरी रंगकाम निघतं. गेट, ग्रिल काँप्रेसरने फवारतात आणि वारा असला की रंगाचे कण शेजारच्या उभ्या गाड्यांवर जाऊन बसतात. काचेवरून हात फिरवला की बारीक रवा लागल्यासारखं होतं. अशा वेळी 'अर्ध्या तासात साफ करून देतो' म्हणणारा हमखास भेटतो.

फोंड्यातल्या एका गाडीवाल्याने अशा कामाचे साडेतीन हजार मोजले. काच, पत्रा, काळं प्लॅस्टिक, सगळं एकाच फडक्याने, थिनर लावून पुसलं होतं. ताब्यात घेताना बंपर काळाभोर. दोन जोरदार सरी पडल्या आणि त्याच बंपरवर पांढुरके फटकारे उमटले, फडकं जसं फिरलं होतं तसेच. खिडकीचं रबर चिकट झालं. हेडलाईटच्या कव्हरवर केसाएवढ्या भेगा. तक्रार केली तर उत्तर आलं, 'पावसाच्या पाण्याने झालं.'

पावसाने काहीही झालेलं नाही. थिनर रंगाबरोबर प्लॅस्टिकचा वरचा थरही मऊ करतो. हल्लीच्या गाड्यांत हेडलाईटचं कव्हर काचेचं नसतं, पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचं असतं. त्याला थिनर लावायचाच नाही. पांढुरकेपणा झाकायला वरून सिलिकॉनचं तेलकट ड्रेसिंग फासतात. ते धुपलं की खरं रूप बाहेर येतं. म्हणून पैसे देण्याआधी काळ्या पट्टीचा वीतभर भाग भांड्यांच्या लिक्विड साबणाने धुवायला लावा, पूर्ण सुकू द्या आणि मग उन्हात बघा. तो माणूस याला नकार देत असेल तर कारण उघड आहे.

काचेसाठी 'मशीन पॉलिश' म्हणून वेगळे पैसे मागतात, तेही बहुतेक वेळा उकळणंच. आधी काच भरपूर पाण्याने धुवायची, कारण आपली लाल माती ब्लेडखाली सापडली की ओरखडा कायमचा. कडेच्या रबराला मास्किंग टेप. मग शांपूचं पाणी मारून कोरं ब्लेड होल्डरमध्ये, साधारण ३० अंशात, एकाच दिशेने ढकलायचं. मागे ओढायचं नाही. टोक बोथटलं की बदलायचं. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डीफॉगरच्या तारा असतात, तिथे ब्लेड नको.

पत्र्याला क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण ओढून काढणारी कणकेसारखी मऊ वडी. शांपूच्या पाण्यावर हलक्या हाताने सरळ फिरवायचा, मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर काढायची. जमिनीवर पडलेला तुकडा फेकून द्या, त्यात वाळू रुतते. क्लेने निघणाऱ्या कणांसाठी थेट रबिंग कंपाऊंड (घासणारी पेस्ट) मारून गाडीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, झिजवतात, मग चरे लपवायला कोटिंग विकतात. हा प्रकार तर फारच चीड आणणारा आहे.

काळ्या खरबरीत प्लॅस्टिकला मऊ ब्रश आणि ऑल-पर्पज क्लीनर. साधा ऑइल पेंट ताजा असेल तर फडक्यावर थोडं टर्पेंटाईन, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघायचं, लगेच साबणाने धुवायचं.

पेंटरला रंगाचा डबा दाखवायला सांगा, फोटो काढून ठेवा. हार्डनर घातलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग असेल तर तो वाळल्यावर खरबरीत पट्टीच्या खाचांतून पूर्ण निघत नाही. तिथे घासत बसण्यापेक्षा पट्टी बदललेली बरी, आणि तिचा खर्च रंगकाम करून घेणाऱ्याकडे मागा.