पीएस५ की एक्सबॉक्स? आधी तुमची खेळायची सवय सांगा

दिवाळीचा बोनस जमा झाला की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच: पीएस५ घेऊ की एक्सबॉक्स? म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, कन्सोल, सोनीचा प्लेस्टेशन ५ घ्यायचा की मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स. विचारणाऱ्याला टेराफ्लॉप, फ्रेमरेट, ४के असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी उलट त्यालाच विचारतो. गेल्या वर्षात किती गेम शेवटपर्यंत खेळलास? खेळून झालेली डिस्क विकतोस की कपाटात ठेवतोस? घरी वीज किती जाते? आणि टीव्हीवर पहिला हक्क कोणाचा? एवढं कळलं तरी निम्मा निर्णय होऊन जातो.

माझ्यापुरतं सांगतो. मी एका वेळी एकच गेम खेळतो. रात्री जेवणं उरकली, आईची मालिका संपली की टीव्ही माझ्या ताब्यात येतो आणि झोप येईपर्यंत तास-दीड तास मिळतो. गोष्ट असलेला मोठा गेम लावायचा, त्यातली सगळी आडवळणाची मिशन्सही करायची, असा माझा खाक्या. एक गेम आरामात महिना-दोन महिने पुरतो. संपला की डिस्क विकायची आणि वर थोडे पैसे घालून पुढची आणायची. अनोळखी पोरांच्या शिव्या खात ऑनलाइन खेळण्याची हौस केव्हाच फिटली. रविवारी चुलतभाऊ आले तर फुटबॉल, तेवढंच.

कोल्हापूरचा माझा मामेभाऊ याच्या बरोबर उलटा. त्याच्याकडे एका वेळी पाच-सहा गेम भरलेले असतात. वीस मिनिटं गाडी, मग थोडी मारामारी, मग मुलीला मांडीवर घेऊन काहीतरी रंगीबेरंगी. त्याने एखादा गेम संपवल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. आम्हा दोघांना एकच कन्सोल सुचवणारा सल्ला एकाचे पैसे वाया घालवणारच.

डिस्कचा हिशेब

आपल्याकडे नवा मोठा पीएस५ गेम साधारण ₹४,९९९ ला येतो. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' याच किमतीला आला, 'स्पायडर-मॅन २'सुद्धा. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण डिस्क असेल तर तो खरा खर्च नसतो. समजा महिन्याभरात गेम संपवून तुम्ही ती तीन हजारांना विकली, तर गेम पडला दोन हजारांना. जुनी डिस्क घेऊन जुनीच विकली तर त्याहून कमी. मात्र विकायची घाई हवी. वर्षभर कपाटात पडलेल्या डिस्कला पुढे सेलमध्ये तोच गेम अर्ध्या किमतीत आल्यावर कोण विचारतो?

यासाठी कन्सोलला डिस्क ड्राइव्ह हवा, आणि तिथेच एक्सबॉक्सचा धाकटा भाऊ, सिरीज एस, बाद होतो. त्याला ड्राइव्ह नाही, पुढे जोडायची सोयही नाही. थोरल्या सिरीज एक्सचं डिस्कवालं मॉडेल आहे, पण आपल्याकडे एक्सबॉक्सच्या डिस्क दुकानात शोधत फिरावं लागतं. पीएस५ची जुनी डिस्क मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून शहरातल्या कुठल्याही गेमच्या दुकानापर्यंत हातोहात खपते. विकणारे भरपूर, घेणारेही भरपूर. माझ्यासारख्यासाठी हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो.

या डिस्कवरूनच या दोन कंपन्यांची सगळ्यात गाजलेली चकमक झाली होती. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन आणताना ठरवलं की कन्सोलने दर २४ तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं असतील. सोनीने त्याच जूनमध्ये एक छोटासा व्हिडिओ टाकला: पीएस४चा गेम मित्राला कसा द्यायचा? एक माणूस डिस्क पुढे करतो, दुसरा 'थँक्स' म्हणून घेतो, संपलं. लोकांनी मायक्रोसॉफ्टला इतकं धारेवर धरलं की १९ जूनला हा सगळा बेत मागे घ्यावा लागला. पण लोकांच्या मनातून उतरलेला एक्सबॉक्स त्या पिढीत पुन्हा वर आला नाही. पीएस४ ११ कोटींच्या वर खपला.

गंमत अशी की आता सोनीही डिस्क ड्राइव्ह नसलेलं डिजिटल मॉडेल विकते आणि ते स्वस्त असल्यामुळे लोक डोळे झाकून घेतात. पीएस५ २ फेब्रुवारी २०२१ ला भारतात आला तेव्हा डिस्कवाला ₹४९,९९० आणि डिजिटल ₹३९,९९० होता. पुढे त्याचंच आटोपशीर मॉडेल, स्लिम, आलं तेव्हा ₹५४,९९० आणि ₹४४,९९०. म्हणजे फरक दहा हजारांचा. वर्षाला चार-पाच डिस्क घेऊन विकणाऱ्याचा हा फरक दोन वर्षांच्या आत भरून निघतो. स्लिम डिजिटलला ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण 'नंतर बघू' म्हणण्याआधी तो सुटा मिळतो का आणि कितीला, हे दुकानदाराला विचारून घ्या.

थाळी कोणाला परवडते

एक्सबॉक्सचा हुकमी एक्का म्हणजे गेम पास. महिन्याचे पैसे भरा आणि यादीतलं हवं ते डाउनलोड करून खेळा. अमर्यादित थाळीसारखा प्रकार आहे, पोटात जागा असणाऱ्याचाच फायदा. मामेभावाला तो वसूल होतो. मी घेतला तर दोन महिने एकाच गेमवर बसणार आणि बाकीच्या शेकडो गेमांचं भाडं उगाच भरणार.

ही थाळी आता पूर्वीइतकी स्वस्तही राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत गेम पास अल्टिमेटचा, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या प्रकाराचा, दर महिन्याला १९.९९ डॉलरवरून थेट २९.९९ झाला, आणि नव्या ग्राहकांसाठी आपल्याकडेही दर चढले. त्यामुळे वर्षभराचा आकडा काढून बघा. त्यात किती जुन्या डिस्क येतात, हा हिशेब पाच मिनिटांचा आहे.

सोनीकडे पीएस प्लस आहे. भारतात त्याचे तीन प्रकार: इसेन्शियल, एक्स्ट्रा, डिलक्स. गेमांचा साठा हवा असेल तर एक्स्ट्रापासून पुढे. फरक असा की सोनी आपले मोठे गेम सहसा पहिल्या दिवशी त्यात टाकत नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःचे गेम पहिल्या दिवसापासून पासच्या वरच्या पायरीवर देत आली आहे. नवीन गेमसाठी जीव टाकणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. आणि एक गैरसमज: घरच्या घरी दोन कंट्रोलर लावून फुटबॉल खेळायला कसलीही वर्गणी लागत नाही, ना इकडे ना तिकडे. विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा असेल तर लागते. 'फोर्टनाइट'सारखे फुकट गेम ऑनलाइनही तसेच चालतात.

वर्गणीचा छुपा खर्च म्हणजे डाउनलोड. मोठा गेम १०० जीबी सहज खातो. ४० एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण वेगाने चाललं तरी त्याला साडेपाच तास लागतात, आणि तेवढ्यात घरातलं कुणीतरी 'नेट का अडकतंय' म्हणून ओरडतंच. सिरीज एसच्या मूळ ५१२ जीबीतली गेमांसाठी उरते जेमतेम ३६४ जीबी, म्हणजे असे तीन गेम. चौथ्याला एक हलवा. डिस्क घेतली म्हणून यातून पूर्ण सुटका नाही, गेम कन्सोलच्या आतल्या साठवणीवर, एसएसडीवर, चढतोच आणि वर अपडेट असतात. पण बहुतेक डेटा डिस्कवरून येतो, एवढा दिलासा. जागा वाढवायला पीएस५ मध्ये बाजारात मिळणारी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी बसते, फक्त पुरेशा वेगाची हवी. एक्सबॉक्सला खास त्याचंच कार्ड लागतं, आणि ते महाग.

वीज गेली तर

परीक्षणांत हा मुद्दा कुठे वाचलेला नाही, पण गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला पहिला सांगावा असा आहे. पीएस५ पूर्ण बंद न करता रेस्ट मोडला टाकून झोपलात आणि रात्री लाइट गेली, तर गेमची अर्धवट अवस्था गेलीच. सकाळी बटण दाबलं की 'कन्सोल नीट बंद केला नव्हता' म्हणून बोलणी खायची, मग स्टोरेजची तपासणी, आणि खेळ शेवटच्या सेव्हपासून. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसमधलं क्विक रिझ्यूम मात्र गेमची अवस्था एसएसडीवर लिहून ठेवतं. प्लग काढला तरी ती टिकते, तीही एकाच वेळी अनेक गेमांची. पाच गेमांमध्ये उड्या मारणाऱ्या मामेभावाच्या सवयीला हे अगदी फिट बसतं. खेळता खेळता अचानक वीज गेली तर मात्र दोन्हीकडे हात चोळत बसायचं. त्यावर इलाज इन्व्हर्टर, नाहीतर दर बॉसआधी, म्हणजे मोठ्या शत्रूशी भिडण्याआधी, सेव्ह करण्याची जुनी सवय.

कंट्रोलरचंही तसंच. पीएस५च्या ड्युअलसेन्समध्ये चार्ज होणारी बॅटरी आतच आहे. बोटाखालची ट्रिगर बटणं खेळाप्रमाणे घट्ट-सैल होतात, धनुष्य ओढताना बोटाला ताण खरोखर जाणवतो. कथेच्या गेममध्ये याचा आनंद मोठा आहे. एक्सबॉक्सचा कंट्रोलर डबल-ए सेलवर चालतो. जुनाट वाटेल, पण सेल बदलले की पुन्हा सुरू, आणि रिचार्जेबल सेल घेतले की प्रश्नच मिटला.

खास गेम कोणाकडे?

इथे दोन-चार वर्षांत चित्र पार पालटलंय, आणि जुन्या सल्ल्यावर विसंबणारा इथेच फसेल. मायक्रोसॉफ्टने गेम बनवणारी बेथेस्डा ही कंपनी विकत घेतली, ऑक्टोबर २०२३ मध्ये जवळपास ६९ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली. सगळ्यांना वाटलं, आता हे गेम एक्सबॉक्सपुरतेच राहणार. झालं उलटंच. २०२४ पासून मायक्रोसॉफ्टचे गेम दुसऱ्यांच्या कन्सोलवर जाऊ लागले. एप्रिल २०२५ मध्ये 'इंडियाना जोन्स' आणि 'फोर्झा होरायझन ५' पीएस५ वर आले, ऑगस्टमध्ये 'गिअर्स ऑफ वॉर'. मग 'हेलो'चीही घोषणा झाली. ज्या गेमच्या नावावर एक्सबॉक्स वीस वर्षं विकला, तोच सोनीच्या मशीनवर! उलट्या दिशेने 'हेलडायव्हर्स २' एक्सबॉक्सवर गेला खरा, पण 'स्पायडर-मॅन', 'गॉड ऑफ वॉर', 'ॲस्ट्रो बॉट' हे सोनीने एक्सबॉक्सला दिलेले नाहीत. त्यांतले बरेचसे उशिरा का होईना, पीसीवर आले.

तेव्हा 'खास गेमसाठी एक्सबॉक्स' हे कारण आता माझ्या मते उरलेलं नाही. फुटबॉल, 'कॉल ऑफ ड्यूटी', पुढचा 'जीटीए' यांसाठी कुठलाही घ्या. मित्रांकडे दुसरा कन्सोल असला तरी क्रॉसप्लेमुळे बऱ्याच गेमांत एकत्र खेळता येतं.

ताकदीबद्दल थोडक्यात. सिरीज एक्स कागदावर पीएस५ पेक्षा थोडा पुढे, १२ विरुद्ध १०.२८ टेराफ्लॉप (आकडेमोडीच्या वेगाचं माप). सोफ्यावर बसून हा फरक मला दिसत नाही. सिरीज एसचा मात्र दिसतो. त्याची रॅम १० जीबी, बाकी दोघांची १६. 'बाल्डर्स गेट ३' सप्टेंबर २०२३ मध्ये पीएस५ वर आला, पण एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला, कारण सिरीज एसवर दोघांनी मिळून खेळायची विभागलेली स्क्रीन जमेना. शेवटी ती सोय वगळूनच गेम त्यावर आला. तुमचा टीव्ही १०८०पीचा, म्हणजे ४के नसलेला फुल एचडी, असेल तर सिरीज एस अजूनही पुरतो. फक्त 'स्वस्तातला' हे विशेषण आता त्याला शोभत नाही: अमेरिकेत २९९ डॉलरला आलेलं हे मशीन ऑक्टोबर २०२५ मध्ये ३९९ वर गेलं. कन्सोल जुना झाला की स्वस्त होतो, हा आपला समजही या पिढीने मोडीत काढला.

आणि निन्टेंडो?

घरात आठ-दहा वर्षांची मुलं असतील, किंवा टीव्ही तुमच्या हाती कधीच लागत नसेल, तर निन्टेंडो कंपनीचा स्विच हा कन्सोल दोघांपेक्षा सरस. हातात धरून कुठेही खेळता येतो. अडचण एकच, पण मोठी: निन्टेंडो भारतात अधिकृतपणे काही विकत नाही. मुंबईच्या हिरा पन्ना बाजारातून घ्या नाहीतर दुबईहून येणाऱ्या काकांकडून मागवा, वॉरंटीचं कुणी बघणार नाही. ऑनलाइन दुकानही भारतापुरतं नाही, दुसऱ्या देशाचं खातं काढावं लागतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने केलेला 'राजी' हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी आला तो स्विचवरच. म्हणजे पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्या दुकानात अधिकृतपणे न मिळणाऱ्या कन्सोलवर. पुढे दोन महिन्यांत तो पीसी, पीएस४ आणि एक्सबॉक्सवर पोचला, आणि पीएस५ वरही चालतो. जरूर खेळा.

तर मी काय सांगतो? एका वेळी एक गेम पुरवून खेळणाऱ्याने डिस्कवाला पीएस५ घ्यावा, डिजिटलच्या वाटेला जाऊ नये. सतत चव बदलणाऱ्याने, चांगलं नेट असेल आणि वर्गणीचं गणित बसत असेल, तर सिरीज एसचा विचार करावा, शक्यतो १ टीबीवाला. सिरीज एक्स मी आज कुणालाच सुचवत नाही. तेवढ्या पैशांत पीएस५ जास्त गेम देतो आणि त्याच्या डिस्क विकल्याही जातात. ज्याच्याकडे बरा गेमिंग पीसी आहे, त्याने एक्सबॉक्स घेऊच नये. गेम पासचा पीसीचा प्रकार वेगळा मिळतो.

बजेट आखताना दुसऱ्या कंट्रोलरचे पैसे आत्ताच धरा, भावंडं आल्यावर धावपळ नको. दुकानातून पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि खोका वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या.