एकेचाळीस हेल्मेटं पाठवली, तीस पास झाली

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाची ४१ हेल्मेटं रिकंडिशनिंगला, म्हणजे धुऊन, तपासून पुन्हा खेळण्याजोगी करून घ्यायला, पाठवली होती. सात आठवड्यांनी चार मोठे खोके फायर स्टेशनच्या दारात येऊन पडले. पहिला खोका उघडला तर सगळ्यात वर माझंच हेल्मेट, आणि त्याच्या जाळीला लाल टॅग. नापास. कारण एकाच शब्दात लिहिलेलं: वय. आतल्या शिक्क्यावर उत्पादनाचं वर्ष २०१२.

मी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. कवचाला तडा नाही, पॅड मी दोन वर्षांपूर्वी स्वतः बदललेत, मग अडचण काय? पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दहा वर्षांवरचं आम्ही घेतच नाही. तडा असो वा नसो." मी हुज्जत घातली. त्यांनी तेच वाक्य तितक्याच शांतपणे पुन्हा म्हटलं. फोन ठेवला आणि मागे वळलो तर समोर कोटांचा ढीग. त्या महिन्यात आमच्या स्टेशनवर टर्नआउट कोटांची, म्हणजे आगीत जाताना घालायच्या कोटांची, तपासणी चालली होती आणि सकाळीच मी, होय मीच, दोन चांगले दिसणारे कोट "दहा वर्षं झाली" म्हणून बाद केले होते. आमच्या व्यवसायात तो नियम आहे: उत्पादनापासून दहा वर्षं झाली की कोट जाणार, मग तो एकदाही आगीत गेलेला नसला तरी. ज्याचा कोट गेला तो पोरगा माझा फोन ऐकत होता. काही बोलला नाही, पण हसला.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेत पोलीस, फायर, शेरिफ, तुरुंग अशा खात्यांतली माणसं संघ करून फुटबॉल खेळतात. पूर्ण पॅड, पूर्ण टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून खरोखर पाडायचं. कमरेची पट्टी ओढायचा फ्लॅग फुटबॉल नव्हे. नॅशनल पब्लिक सेफ्टी फुटबॉल लीग १९९७ पासून आहे. न्यूयॉर्कचे पोलीस आणि फायरवाले तर त्याच्याही कितीतरी आधीपासून एकमेकांना भिडताहेत. पैसे कुणालाच मिळत नाहीत. वर्गणी, प्रवास, बूट, सगळं आपल्या खिशातून, आणि तिकिटाचे पैसे धर्मादायाला. हात मोडला तर तो कामावरचा अपघात धरत नाहीत. आजारपणाची रजा स्वतःची जाते. आई फोनवर दर वेळी विचारते, "आगी कमी पडतात का रे?" मी चाळिशी ओलांडलेला पॅरामेडिक, कॅलिफोर्नियात ४८ तास ड्युटी आणि ९६ तास सुट्टी अशा चक्रात जगणारा. मैदानावर पुढच्या फळीतला लेफ्ट गार्ड, म्हणजे ज्याचं नाव कुणी घेत नाही तो. सामानाची जबाबदारी माझ्याकडे कशी आली? ज्या बैठकीत ती वाटली गेली, तेव्हा मी ड्युटीवर होतो.

संघाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी आहेत, आणि मला पुढच्या वर्षीही तिथेच पाठवायचंय.

तर ही मंडळी नेमकं काय करतात? हेल्मेट सुटं करतात. तोंडावरची जाळी, जबड्याचे पॅड, आतली हवेची गादी, हनुवटीचा पट्टा, सगळं बाहेर. कवच धुतात, घासतात, दुसऱ्यांच्या हेल्मेटांचे लागलेले रंग काढतात. मग उजेडात धरून तडे शोधतात, विशेषतः स्क्रूच्या आणि कानाच्या भोकांभोवती. वरवरचे ओरखडे चालतात, तडा चालत नाही. दबलेले पॅड बदलतात, स्क्रू नवे घालतात, जोडतात, आणि आत वर्ष छापलेला नवा शिक्का लावतात.

शिक्क्यामागे नॉकसी या, खेळाच्या सामानाची सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं मानक आहे. फुटबॉल हेल्मेटसाठी ते पहिल्यांदा १९७३ मध्ये आलं. कृत्रिम डोक्यावर हेल्मेट चढवून ते तारांच्या आधाराने खाली सोडतात, जास्तीत जास्त साठ इंचांवरून, आणि डोक्याच्या आत बसवलेली यंत्रं आघात मोजतात. आकडा १२०० च्या आत राहिला पाहिजे. मला वाटायचं प्रत्येक हेल्मेट असं आपटतात. नाही. आलेल्या मालातून नमुना उचलून आपटतात, बाकीची नजरेने आणि हाताने तपासतात. हे मी विचारल्यावर त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, हे मला आवडलं. आणखी एक: तो १२०० चा आकडा कवटी-मेंदूच्या भयंकर इजेसाठी आहे. शिक्का लागला म्हणजे मेंदूला हादरा बसणारच नाही असं कुणी सांगत असेल तर त्याला हेल्मेटच्या पाठीवरचं इशाऱ्याचं लेबल वाचायला लावा. तिथे नेमकं याच्या विरुद्ध लिहिलेलं असतं.

पण शिक्क्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटतात ते स्क्रू. ऐकायला क्षुल्लक, पण हा भाग जरा नीट सांगतो, कारण पैसे वसूल होतात ते इथे.

मैदानावर कुणी पडला, मानेची शंका आली, तर हेल्मेट उपटून काढायचं नसतं. खांद्याचे पॅड जाड असतात. नुसतं हेल्मेट काढलं की डोकं मागे लटकतं आणि मान वाकते. म्हणून हेल्मेट आणि खांद्याचे पॅड ही जोडी: ठेवायचं तर दोन्ही, काढायचं तर दोन्ही. तोंडावरची जाळी मात्र लगेच काढायची, कारण श्वास थांबला तर तोंडापर्यंत पोचता आलं पाहिजे. बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, आधी बाजूचे स्क्रू, मग कपाळावरचे. उलट क्रमाने काढलं तर जाळी फिरून गळ्यावर येते.

दोन हंगामांपूर्वी आमचा एक लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू), पेशाने शेरिफचा डेप्युटी, डोकं खाली घालून टॅकल करून तसाच पडून राहिला. म्हणाला, "हात जळतोय." मी खेळाडू म्हणून दहा फुटांवर उभा होतो, पुढच्या क्षणी गुडघ्यावर, त्याचं डोकं दोन्ही हातांत. दुसऱ्याने जाळी सोडवायला घेतली. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला, तिसरा नुसता गरगर फिरत राहिला. आतली नटच गंजून सैल झाली होती. बाहेरून स्क्रू फिरवा, आतून नट त्याच्याबरोबर फिरते. शेवटी प्लास्टिकची पकड कटरने कापली. वेळ किती लागला ते कुणी मोजलं नाही, पण मला आजही तो स्क्रूड्रायव्हरचा आवाज ऐकू येतो. खांद्याची नस ताणली होती, एवढंच निघालं. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या ड्युटीवर होता. हेल्मेटं मात्र आम्ही त्याआधी चार वर्षं कुठेही पाठवली नव्हती. घाम, मीठ, आणि जूनमध्ये हंगाम संपल्यावर पिकअपच्या मागे पडलेल्या ओल्या बॅगा. दुसरं काय होणार?

परत आलेल्या तीस हेल्मेटांतले सगळे स्क्रू मी रात्रपाळीत बसून एकेक काढून पुन्हा लावले. एकशे वीस स्क्रू. सगळे नवे, सगळे लोण्यासारखे निघाले. या एका गोष्टीसाठी मी या लोकांना पूर्ण गुण देतो.

नापास अकरांचा हिशोब असा. सात वयामुळे. तीन तड्यांमुळे; त्यातला एक तडा कानाच्या भोकापासून जवळपास अंगठ्याएवढा, आणि तो खेळाडू त्या हेल्मेटमध्ये पूर्ण हंगाम खेळला होता. अकरावं आमच्या एका पोलिसाचं. त्याने घरी स्प्रेच्या डब्याने ते काळं, बिनचमक रंगवलं होतं, कारण "भारी दिसतं." असल्या रंगांतलं सॉल्व्हंट कवचाचं प्लास्टिक कमकुवत करू शकतं, आणि कवचावर असे मनाचे प्रयोग केले की मूळ प्रमाणपत्र गेलंच. हा माणूस स्वतःच्या बुलेटप्रूफ वेस्टवर साधा बॅजही टाचत नाही. विचारलं तर म्हणाला, "वेस्ट वेगळं." का वेगळं, ते त्याला सांगता आलं नाही. मलाही माझ्या २०१२ च्या हेल्मेटबद्दल काही सांगता आलं नव्हतं, म्हणून मी विषय वाढवला नाही.

आता तक्रारी. सांगितले पाच आठवडे, लागले सात. आम्ही वसंतात खेळतो, त्यामुळे भागलं. पण शाळा-कॉलेजांचा हंगाम पानगळीत असतो, त्यांचे दोन आठवडे असे गेले तर पोरं सरावाला काय घालणार? दोन हेल्मेटांचे टॅग मिसळले: ६२ नंबरवाल्याचं ६६ कडे, ६६ वाल्याचं ६२ कडे. आमचा ६२ हा दीडशे किलोचा गडी, ६६ चं हेल्मेट त्याच्या कपाळावर टोपीसारखं बसलं. जबड्याचे पॅड पाच हेल्मेटांत एकाच मापाचे घातले होते. कळवल्यावर चार दिवसांत बदलून पाठवले, पैसे मागितले नाहीत, माफी मात्र छापील होती. आणि उघडल्यावर वास! कसलंसं लिंबाचं रसायन. स्टेशनच्या स्वयंपाकघरात दोन दिवस तोच वास, आणि त्या पाळीच्या स्वयंपाक्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळ्यात जास्त बोंब झाली ती स्टिकरवरून. हेल्मेटच्या मागे आमच्यातले बरेच जण ३४३ लावतात. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्क फायर खात्याची ३४३ माणसं गेली. त्यांच्या फुटबॉल संघातलेही बरेच त्यात होते. पोलीस २३ लावतात, त्या दिवशी गेलेल्या न्यूयॉर्क पोलिसांचा आकडा. त्याशिवाय सेंटरच्या जागी खेळणाऱ्या आमच्या एका जुन्या खेळाडूचा बॅज नंबर असलेला छोटा स्टिकर होता. तो खेळाडू वारला तेव्हा छापून घेतलेला. रिकंडिशनिंगमध्ये कवच घासतात म्हणजे सगळंच घासतात. फॉर्मवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं, तेव्हा चूक माझी. तरी फॉर्म भरून घेणाऱ्याने तोंडी एकदा सांगायला काय हरकत होती? फायर आणि पोलीस संघ आहे हे पत्त्यावरूनच कळत होतं. ३४३ बाजारात मिळतो. बॅज नंबरचा स्टिकर मी जुन्या फोटोवरून पुन्हा काढून घेतला, पण त्याच्या बायकोला विचारल्याशिवाय छापायचा नाही असं ठरलं. त्या फोनला मला चार दिवस लागले. ती म्हणाली, "या वेळी जास्त छापा."

खर्च: धुणं, तपासणी, शिक्का मिळून हेल्मेटमागे ४६ डॉलर, सुटे भाग वेगळे, पाठवणावळ वेगळी. तीस हेल्मेटांचं सगळं मिळून १,९०० डॉलरच्या आत आलं. नवं चांगलं हेल्मेट एकच चारशेच्या पुढे जातं. पैसे जमवायला दोन पॅनकेक ब्रेकफास्ट घातले स्टेशनवर, त्यात बिल निघालं. नापास अकरांपैकी सहा नवी संघाने घेतली, पाच जणांनी स्वतःच्या पैशांनी. माझं त्या पाचांतलं. नवं घेताना व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या ताऱ्यांची यादी बघितली. ही मंडळी २०११ पासून हेल्मेटांना तारे देताहेत. पाच तारे म्हणजे उत्तम, पण नुसते तारे बघून घेऊ नका, डोक्यावर घालून बघा. सैल बसलेलं पाच ताऱ्यांचं हेल्मेट काय कामाचं?

इथल्या ज्या मराठी घरांतली पोरं शाळेच्या संघात खेळतात, त्यांना एक सांगतो. हेल्मेट घरी आलं की पॅड बाजूला सारून आतलं लेबल वाचा: उत्पादनाचं वर्ष, आणि शेवटचं रिकंडिशनिंग कुठल्या वर्षी. लेबल खरवडलेलं असेल किंवा वर्ष वाचता येत नसेल तर कोचला विचारा. कोच वैतागला तर वैतागू दे.

गुण द्यायचेच तर तपासणीला आणि स्क्रूंना पाच, टॅगिंगला दोन, वासाला शून्य.

माझं नापास हेल्मेट मी फेकलं नाही. स्टेशनवर सरावाला ठेवलंय. नव्या पोरांना खांद्याच्या पॅडसकट पुतळ्यावर चढवून देतो आणि जाळी काढायला सांगतो, घड्याळ लावून. पहिल्या दिवशी ज्या पोराचा कोट मी बाद केला होता तोच बसला होता. बाजूचा उजवा स्क्रू निघाला. डावा नुसता गरगर फिरत राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी कटर पुढे केला.