कोलायटिसला हळद, इसबगोल, ताक की गव्हांकुर?

घरात कोणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) झाल्याचं कळलं, की ओट्यावर हळूहळू चार गोष्टी जमू लागतात: मंडईजवळच्या दुकानातला इसबगोल, कुणीतरी गावाहून पाठवलेली हळद, रोजचं ताक आणि बागेबाहेर सकाळी मिळणारा गव्हांकुराचा रस. चारही नैसर्गिक, पण चौघांची पत सारखी नाही.

सर्वात जास्त शिफारस होते ती हळदीची, आणि पुरावाही आहे. २००६ मध्ये जपानमध्ये, आजार शांत असलेल्या ८९ रुग्णांच्या नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून काहींना रोज २ ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) दिलं, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. सहा महिन्यांत कर्क्युमिनवाल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांचा आजार पुन्हा उलटला, इतरांपैकी सुमारे २० टक्क्यांचा. वाचून आनंद होतो. मग हिशोब करायचा: हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे २ ग्रॅमसाठी रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद! हळद-दुधाचा कप त्याच्या जवळपासही जात नाही, आणि दूध बऱ्याच जणांना सोसतही नाही. उरतात कॅप्सूल. मिरीचा अर्क घातलेल्या, जास्त शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

मला विचाराल तर या चौघांत इसबगोल उजवा. स्वस्त, आणि आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९९९ च्या एका स्पॅनिश अभ्यासात आजार शांत असलेल्या १०५ रुग्णांपैकी काहींना इसबगोलाच्या बिया, १० ग्रॅम दिवसातून दोनदा, आणि काहींना मेसालामाइन हे या आजाराचं नेहमीचं औषध दिलं. वर्षअखेर आजार उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. त्यातल्या तंतूंवर आतड्यातले जिवाणू काम करतात आणि तयार होणारं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं आवडतं इंधन. आपल्याकडे मिळतो तो बहुधा भुसा, बिया नव्हेत, म्हणून तोच आकडा भुशाला जसाच्या तसा लावता येत नाही. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. मात्र आजार भडकलेला असताना नको. आणि क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) असून आतडं कुठे अरुंद झालं असेल तर अजिबात नको, तिथे तो तुंबतो.

ताक? ते औषध नाही, जेवण आहे. या आजारात अभ्यासलेले जिवाणू ठरावीक वाणाचे असतात. विरजणात काय येईल ते घरागणिक वेगळं. सोसत असेल तर मऊ भात आणि पातळ मुगाच्या वरणासोबत खुशाल घ्या.

गव्हांकुराचा २००२ चा इस्रायली अभ्यास फक्त २३ जणांवरचा: रोज १०० मिली, महिनाभर, आणि फायदा दिसला. छोटा असला तरी खोटा नाही. पण बागेबाहेरचा ग्लास कुठल्या पाण्यात विसळलाय, हे ॲझाथायोप्रिन किंवा स्टेरॉइड घेणाऱ्याने आधी पाहावं. या औषधांनी प्रतिकारशक्ती उतरते, आणि आतड्याचा संसर्ग झाला तर आजार भडकला की जंतू, ते तपासणीशिवाय कळत नाही. घरच्या कुंडीतली कोरफडही तशी साधी नाही. सालीखालचा पिवळा चीक जुलाब लावतो.

काहीही सुरू करा, एका वेळी एकच, आणि गोळ्या बंद न करता. आधी आणि दोनेक महिन्यांनी शौचाची कॅलप्रोटेक्टिन चाचणी (आतड्यातली सूज दाखवणारी) करा, कारण बरं वाटणं आणि आतून सूज उतरणं नेहमी जोडीने चालत नाही. क्रोन्सचं निदान असेल तर आतड्याचा क्षयरोग वगळलाय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आपल्याकडे दोन्ही सारखेच दिसतात. ताप, वाढता रक्तस्राव किंवा फुगलेलं पोट यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.