आलिओ दिए: काही महिने सलग ऐकल्यावर

मिलानचे स्तेफानो मुस्सो 'आलिओ दिए' या नावानं १९८९ पासून संगीत करतायत. दुकानं आणि अॅप त्यांना डार्क अँबियंटच्या (ठेका जवळपास नसलेलं, काळोख्या वातावरणाचं संगीत) खणात टाकतात, पण तो शिक्का खरा बसतो तो सुरुवातीच्या कामालाच. पुढं काळोख विरळ होत जातो. हा फरक कानाला कळायचा असेल, तर ऐकण्याची व्यवस्था आधी नीट लावायला हवी.

पहिली अडचण पंख्याची. या संगीतातलं बरंचसं बारीक काम हळू आवाजात आहे आणि छताचा पंखा नेमकं तेच गिळतो. दुसरी विजेची. अर्थिंग नीट नसेल तर स्पीकरमधून ५० आणि १०० हर्ट्झची घरघर येते. एरवी ती लक्षात येते. इथे रेकॉर्डिंगमधला तळसूर ९८ हर्ट्झच्या आसपास असला, तर दोन्ही मिळून सेकंदाला दोन हेलकावे घेतात आणि ते मूळ संगीतातलेच वाटतात. शंका आली की पॉझ करून बघा. घरघर उरली तर दोष तारेचा.

चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या जवळचा खर्ज मधोमध बसलात तर गायब होतो आणि भिंतीला टेकलात तर फुगतो. मागच्या भिंतीपासून दीडेक मीटरवर बसावं. अॅपमधला क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळणारी सोय, बंद ठेवा, गाण्यागणिक आवाज समान करणारी सोयही बंद, नाहीतर एकमेकांना जोडलेल्या भागांच्या सांध्यावर आवाज दचकवतो. १२८ केबीपीएसच्या (कमी दर्जाच्या) एमपीथ्रीत पाण्याची नि पानांची सळसळ बुडबुड्यांसारखी होते. फ्लॅक (काहीही न गाळणारी फाइल) नसेल तर निदान ३२० केबीपीएस तरी.

आता संगीत. 'अंडर अॅन होली रिच्युअल' (१९९२) मध्ये घुमणारे तळसूर, लांब प्रतिध्वनी आणि विधीचं जड वातावरण आहे. चांगलंय, पण इथून सुरुवात करू नये. रॉबर्ट रिच यांच्यासोबतचा 'फिशर्स' (१९९७) आधी घ्या. लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार) आणि बासरीमुळं कानाला धरायला काहीतरी मिळतं. मुस्सोंच्या कामात झिदर आणि सॉल्टरी ही तारवाद्यं वरचेवर येतात. सॉल्टरी म्हणजे आपल्या स्वरमंडळाची लांबची बहीण. अशा नादांचे तुकडे आवर्तनात फिरतात, त्यात बाहेर रेकॉर्ड केलेले निसर्गाचे आवाज मिसळतात. आवर्तनं असमान लांबीची ठेवली की पुनरावृत्ती लपते: समजा एक १७ सेकंदांचं आणि दुसरं २३ चं, तर दोघांची सम पुन्हा एकत्र पडायला ३९१ सेकंद, म्हणजे साडेसहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ कोण मोजत बसणार?

आपल्याकडच्या श्रोत्यानं चुकवू नये असा एक अल्बम म्हणजे 'अप्सरस' (२००१). गायिका अमेलिया कुनी, भारतात राहून ध्रुपद शिकलेल्या. तानपुऱ्याचा तळ स्थिर असतो, त्यावर स्वर जोखता येतो. इथला तळ स्वतःच सरकत राहतो. आवाज मैफलीसारखा पुढं नाही, थरांत मिसळलेला आहे. रागविस्ताराच्या अपेक्षेनं लावलात तर चिडाल. स्वर लावण्याची पद्धत, मींड आणि श्वास ऐकायचे असतील तर मात्र हेडफोनवर ऐका. मागच्या बाजूनं उघडे असलेले हेडफोन असतील तर उत्तम.

'डीकॉन्सिक्रेटेड अँड प्युअर' (२०१२) पर्यंत येता येता भीतीचा मागमूस राहत नाही. जुन्या वळणाचं समूहगान येतं, सगळं उजळ आणि संथ. इथेच माझी तक्रारही आहे. नंतरच्या काळात अल्बमांची संख्या इतकी वाढली की चार लागोपाठ लावले तर कुठला कुठं संपला ते सांगता येत नाही. एका बैठकीला एकच लावा. मुस्सोंच्या स्वतःच्या 'हिक सुंत लिओनेस' लेबलवरच्या सीडी सहज मिळतील असं धरू नका. डिजिटल प्रत घ्यावी, तीही आधी पूर्ण ऐकून. तीस सेकंदांच्या नमुन्यात यातलं काहीच कळत नाही.