तिसरीचे पहिले सत्र: एका पालकाचा अभिप्राय

माझी मुलगी कोल्हापुरातल्या एका मराठी शाळेत तिसरीत शिकते. या सत्रात सर्वांत जमून आला तो परिसर अभ्यास: कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांची पंचगंगा कशी होते, हे बाईंनी फळ्यावर निळ्या खडूने काढून दाखवले आणि पुढच्याच रविवारी घाटावर ‘यातले भोगावतीचे पाणी कोणते?’ असे विचारून मुलीने मला निरुत्तर केले. वाचनात ती जोडाक्षरांवर आता अडखळत नाही. हातच्याची वजाबाकी मात्र घाईत उरकली गेल्यामुळे ५०२ मधून १७८ वजा करताना मधल्या शून्यापाशी गाडी अडते. कार्यानुभवाचे तास परीक्षेच्या तयारीत गेले, हे खटकले. तरीही शाळा बदलण्याचा विचार नाही.