जुना फेंडर घरघरतोय: सरसकट पार्ट बदलायचे की नेमका दोष शोधायचा?

साठच्या दशकातल्या फेंडर डिलक्स रिव्हर्ब या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटार अँपमधून घरघर येऊ लागली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, उघडलाच आहे तर सगळे कपॅसिटर, रेझिस्टर, व्हॉल्व्ह बदलून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, आधी दोष शोधा आणि तेवढाच काढा. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण त्याला एक मोठा अपवाद मानतो.

अपवाद आहे फिल्टर कपॅसिटरचा, म्हणजे पॉवर सप्लायचा डीसी सपाट करणाऱ्या कपॅसिटरचा. चॅसिसवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली बसवलेले हे इलेक्ट्रोलिटिक २०-३० वर्षांत आतून वाळत जातात. हे मूळचेच असतील तर त्यांची चाचणी घेत बसू नका, बदला. बायसच्या (पॉवर व्हॉल्व्हमधला प्रवाह आटोक्यात ठेवणाऱ्या उणे व्होल्टेजच्या) सप्लायचा छोटा कपॅसिटरही त्यांच्याबरोबरच बदला. तो गेला तर बायस जातो आणि पाठोपाठ पॉवर व्हॉल्व्ह. नवे घेताना मायक्रोफॅरॅडचा आकडा मूळच्या आसपासच ठेवा, कारण एसीचा डीसी करणाऱ्या जीझेड३४ रेक्टिफायर व्हॉल्व्हला पहिला कपॅसिटर फार मोठा झेपत नाही. आणि दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला ‘नवा’ इलेक्ट्रोलिटिकही जुनाच समजा.

बाकीच्या पार्टच्या बाबतीत मात्र सरसकट बदल मला पटत नाही. त्याचे फायदे खरे आहेत: वेळ वाचतो, मोजमाप फारसं लागत नाही, दर आठवड्याला स्टेजवर वाजवणाऱ्याला निर्धास्त वाटतं. पण त्या काळचे निळे कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारे) बरेचदा आजही ठणठणीत निघतात. ते उपटले की अँपचं मूळपण जातं आणि विकताना किंमतही उतरते. शिवाय जुन्या फायबर बोर्डवर इतके सांधे पुन्हा सोल्डर केले की एखादा ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) राहतोच. मग आधी नसलेला दोष शोधत बसावं लागतं.

दोष शोधायला लागतं काय? मल्टिमीटर, सर्किटचा आराखडा (ब्लॅकफेस, म्हणजे काळ्या पॅनेलच्या डिलक्स रिव्हर्बसाठी एबी७६३) आणि सबुरी. सुरुवात कानांनी करा. व्हॉल्यूम फिरवल्यावर घरघर कमी-जास्त झाली तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात आहे. फरक पडला नाही तर अँप बंद करा, पॉवर व्हॉल्व्हच्या लगतचा फेज इन्व्हर्टरचा (दोन्ही पॉवर व्हॉल्व्हना एकमेकांच्या उलट सिग्नल देणारा) व्हॉल्व्ह, १२एटी७, काढा आणि पुन्हा चालू करून ऐका. तरीही घरघर तेवढीच असेल तर ती पॉवर सप्लायची किंवा आउटपुटची.

इथेच पुष्कळ जण घाईने कपॅसिटरला दोष देतात. दोन पॉवर व्हॉल्व्ह (६व्ही६) समान चालत असतील तर सप्लायची घरघर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बरीचशी एकमेकींना खाऊन टाकते. एक व्हॉल्व्ह अशक्त झाला की तीच घरघर उघडी पडते, म्हणून आधी चांगली जोडी लावून पाहा. मग दोन्हींच्या ग्रिडवरचं, म्हणजे सिग्नल आत येतो त्या पिनवरचं, व्होल्टेज मोजा. साधारण उणे ३५ व्होल्ट अपेक्षित असतात. एका ग्रिडवर उणे ३५ आणि दुसऱ्यावर उणे २० दिसले, तर त्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर डीसी गळू देतोय. त्या व्हॉल्व्हची प्लेट लाल होण्याआधी अँप बंद करा. बदलायचा तो एवढा एक कपॅसिटर.

कडकड असा आवाज येत असेल तर गोष्ट वेगळी. त्या चॅनेलचा छोटा व्हॉल्व्ह (१२एएक्स७) बदलूनही ती राहिली, तर त्याच्या प्लेटला जोडलेला १०० किलोओहमचा जुना कार्बन रेझिस्टर बघा. पुष्कळदा तोच निघतो.

कुठलाही मार्ग निवडा, तीन गोष्टींत तडजोड नाही. आत ४०० व्होल्टहून जास्त डीसी असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो. रेझिस्टरमधून तो उतरवा, मीटरवर शून्य पाहा, मगच हात घाला. दुसरी, मूळची टू-पिन वायर काढून अर्थिंगसह थ्री-पिन लावा आणि ग्राउंड स्विचवरून चॅसिसला जोडलेला ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर काढून टाका. तो शॉर्ट झाला तर मेन्सची वीज थेट गिटारच्या तारांपर्यंत येते. तिसरी, दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर (मेन्स आणि अँपच्या मध्ये बल्ब असलेल्या बोर्डवर) लावा. अमेरिकन १२० व्होल्टचा अँप असेल तर बल्ब स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरच्या आधी घ्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, प्रखर पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

मीटर हातात धरायची सवय नसेल तर पहिला मार्गही स्वतः धरू नका, कारण धोका दोन्हीत सारखाच आहे. कारागिराकडे नेलात तर एवढंच विचारा: “ग्रिडवर किती व्होल्ट मिळाले?” आकडा सांगणाऱ्याकडे अँप ठेवा. न मोजताच यादी काढणाऱ्याकडून तो परत घेऊन या.